घोडखिंड टेबलावर

गांधीजींच्या सेवाग्रामच्या जिल्ह्यात लढाईचा खेळ? बिचकू नका. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने 1913 साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम दिले. त्याची खेळण्यातली तोफ लाकडी गोळी उडवून सैनिक खरेच आडवे पाडायची. घरात काचेची कपाटं असतील तर आपला फासाच बरा!

प्रसंग घेऊ 13 जुलै 1660 चा. शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघालेत, त्यांचे सरदार बाजीप्रभू पाठलागावरच्या शत्रूला रोखायला घोडखिंड अडवून उभे आहेत. टेबलावर जाड पुस्तकांच्या दोन भिंती रचा, मधे जेमतेम दोन सैनिक शेजारी उभे राहतील एवढीच फट ठेवा. सगळी गंमत या फटीत आहे. समोर पंचवीस शत्रू असले तरी एका वेळी दोघेच भिडतात. खिंडीत मावळे आठ. प्लास्टिकच्या सैनिकांच्या हातात बंदुका असतात, तिकडे काणाडोळा करा.

शत्रू एका डावात एक वीत पुढे सरकतो. भिडले की समोरासमोरच्या दोघांनी लुडोचा फासा टाकायचा. कमी दान पडलेला बाद, बरोबरी झाली तर शत्रू बाद. मागचा सैनिक लगेच त्या जागी येतो. पहिल्या चकमकीपासून दहा डाव खिंड टिकली, की महाराज पोहोचले, गडावर तोफा वाजल्या असं समजायचं.

मावळे सारखेच जिंकत असतील तर एक मावळा कमी करा. सारखेच हरत असतील तर डाव नऊ करा.