बीजाला कळणारे रंग

नवरात्रांत घटाभोंवतीं पेरलेलें धान्य आपण सर्वांनीं पाहिलें आहे. देवघराच्या अंधुक उजेडांत तें नऊ दिवसांत चांगलें उंच होतें. पण रंग पिवळट आणि अंग नाजूक. तेंच धान्य उन्हांत पेरलें, तर रोप बुटकें, हिरवें व बळकट निघतें. अंधारांतलें रोप बीजांतील सारी शिदोरी उजेड गांठण्यासाठीं उंचीवर खर्च करतें. परंतु वनस्पतीस केवळ उजेडच नव्हे, तर त्याचा रंगहि कळतो.

१९५२ सालीं अमेरिकेंत बेल्ट्सव्हिल येथें बॉर्थविक, हेंड्रिक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लेट्यूस या पालेभाजीचें भिजलेलें बीज तांबड्या प्रकाशांत थोडा वेळ ठेविलें, तें रुजलें. तांबड्यामागून लगेच तांबड्यापलीकडचा, डोळ्यांस जेमतेम दिसणारा प्रकाश दिला, तेव्हां बहुतेक बीज रुजलें नाहीं. पुनः तांबडा देतांच रुजलें! शेवटचा प्रकाश कोणता, यावरच निकाल ठरे. हें ओळखणाऱ्या बीजांतील द्रव्यास पुढें फायटोक्रोम हें नांव मिळालें.

या ज्ञानाचा बीजास उपयोग काय? हिरवीं पानें तांबडा प्रकाश शोषून घेतात व पलीकडचा खालीं जाऊं देतात. म्हणून दाट छायेंत पडलेलें चिमुकलें बीज वाट पाहतें. त्याची शिदोरी तुटपुंजी. सावलींत रुजल्यास उपासमारीनें मरावयाचें.

रोप वर आल्यावर निळ्या प्रकाशाचें महत्त्व वाढतें. तो खोडाची फाजील लांबी आवरतो. रोप खिडकीकडे झुकतें तेंहि मुख्यतः त्याच्याच ओढीनें. नुसत्या तांबड्या एल. ई. डी. दिव्याखालीं कित्येक रोपें लांबट होतात. म्हणून बागेच्या दिव्यांत तांबड्यास निळ्याची जोड देतात व उजेड जांभळा दिसतो. घरांतील पांढऱ्या एल. ई. डी. दिव्यांत बहुधा निळाच दिवा असून त्यावरील लेप कांहीं प्रकाश पिवळसर करतो. त्यामुळें साध्या रोपांसाठीं महागड्या जांभळ्या दिव्याची गरज नाहीं.

गृहिणींनीं एवढें ध्यानांत ठेवावें. मूग, मेथी अंधारांतहि रुजतात; त्यांवर कोंब येण्यापूर्वीं वीज खर्चूं नये. लेट्यूसचें बीज मात्र खोल न पुरतां मातीवर पसरून हलकेंच दाबावें. कोंब दिसतांच पांढरा दिवा वीतभर उंचीवर आणून रोज सुमारें १४ तास लावावा व रात्रीं मालवावा. रोपें तरीहि लांबट होऊं लागलीं, तर खत घालण्याआधीं दिवा आणखी जवळ घ्यावा.