मावा, व्हेप आणि आपली मुलं

(मंडळाच्या आरोग्य व्याख्यानमालेत धाराशिवच्या एका दंतवैद्यांनी केलेलं भाषण, संक्षिप्त)

अध्यक्षांनी फोनवर सांगितलं, "डॉक्टर, पोरांच्या दप्तरात व्हेप सापडायला लागलेत, जरा येऊन बोला." व्हेप म्हणजे काय हे इथे अमेरिकेत सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा तिथून सुरुवात करत नाही. मघाशी चहाच्या वेळी तिघाचौघांनी मला एकच वाक्य ऐकवलं, "तुमच्याकडे बरं आहे, बंदी आहे. गावाकडची मुलं वाचली." ते मला फार खटकलं.

बंदी आहेच. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट, म्हणजेच व्हेप, बनवणं, विकणं, आयात करणं हा गुन्हा ठरला. त्याच वर्षीच्या जागतिक युवा तंबाखू पाहणीत भारतातल्या १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी २.८ टक्क्यांनी ई-सिगारेट कधी ना कधी ओढली होती. पण कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेणारे ८.५ टक्के होते. खायच्या तंबाखूची सुरुवात तर दहाव्या वर्षाच्या आसपास. आमच्याकडे व्हेप यायच्या आधीच मावा-गुटख्याने जागा धरली होती.

मावा इथल्या मुलांनी पाहिला नसेल. टपरीवाला प्लॅस्टिकच्या तुकड्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना घेतो, चांगला घोटतो आणि पुडी बांधून देतो. मुलगा चिमूट गालात धरतो, वर बडीशेप खातो. तुमच्याकडे हायलायटरसारखं यंत्र आणि आंब्याच्या चवीची वाफ. घरच्यांना दोन्हींचा पत्ता लागत नाही, आणि दोन्हींची पहिली चव मित्राच्या हातून मिळते.

माझ्याकडे अकरावीतली मुलं येतात, "तिखट खाल्लं की तोंड भाजतं" म्हणत. मी सांगतो, तीन बोटं उभी धरून तोंडात घाल. दोनच जातात. सुपारीने गाल आतून पांढरे, ताठ झालेले असतात. हा ताठपणा पुरता जात नाही, आणि पुढे कर्करोगाचा धोका राहतो. व्हेपने असं तोंड आखडत नाही, म्हणून तुमचा मुलगा निर्धास्त. माव्याने धूर छातीत जात नाही, म्हणून आमचा निर्धास्त. सुट्टीत हे दोघं मावसभाऊ गच्चीवर भेटतात, तेव्हा दोघांनाही निकोटिनचीच सवय असते.

(श्रोत्यांतून : आमची आजी जन्मभर मशेरी लावायची, तिला काही झालं नाही.)

आजींना आयुष्य लाभलं, आनंद आहे. पण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. नातवंडं आजीचा डबा बघतच मोठी होतात.

(श्रोत्यांतून : तुळजापूरच्या ड्रग्ज प्रकरणाचं काय?)

२०२५ मधल्या त्या मेफेड्रोन प्रकरणाने आम्ही सगळेच हादरलो. तो विषय स्वतंत्र आणि मोठा आहे. इतकंच सांगतो, त्या बातम्यांनंतर पालक मुलांशी पांढऱ्या पावडरीबद्दल बोलायला लागले. खिशातल्या पुडीबद्दल अजून बोलत नाहीत.

(एक आई : मुलाकडे व्हेप सापडला. काय करू?)

ताई, आधी ओरडू नका. सकाळी उठल्यावर किती वेळात ओढावंसं वाटतं, ते विचारा. लगेच वाटत असेल तर सवय पक्की झाली आहे. मुलांच्या डॉक्टरांकडे न्या. सोडताना चिडचिड होते, झोप उडते, लक्ष लागत नाही. तेव्हा त्याला घरच्यांची साथ लागते.

आता बंदीकडे परत येतो. अमेरिकेत संपूर्ण बंदी नाही. २०१९ मध्ये हायस्कूलची २७.५ टक्के मुलं व्हेप ओढत होती, २०२४ मध्ये ७.८. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, तरी नळदुर्ग-उमरग्याकडे साठे पकडल्याच्या बातम्या थांबत नाहीत. कायदा हवाच, पण त्याच्यामागे माणसं उभी राहावी लागतात.

म्हणून दोन विनंत्या. भारतात जाताना भाच्याने कितीही गळ घातली तरी बॅगेत व्हेप नेऊ नका. आणि गावच्या शाळेला तुम्ही संगणक देता, तेव्हा मुख्याध्यापकांना एवढं विचारा की शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखूची टपरी आहे का? कायद्याने तिथे विक्रीला मनाई आहे. देणगीदाराने विचारलेला प्रश्न गावात टाळला जात नाही.