एक क्विंटल बारा किलो
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाचा भाव सोडून आज आम्ही पोटावर बोलणार आहोत. हसलात तरी चालेल. 2022 च्या दिवाळीनंतर गावच्या काट्यावरून कापसाचे गाठोडे उतरले आणि थट्टेत आम्ही चढलो. काटा एक क्विंटल बारा किलोवर थांबला. पोरे म्हणाली, "भाऊ, ओलाव्याची कटती धरा." त्याच आठवड्यात रक्त तपासले. उपाशीपोटी साखर 190! डॉक्टर म्हणाले, तीस किलो उतरवा.

आम्ही शेतकीचे पदवीधर, जनावराच्या खुराकाचा हिशोब शिकलेलो. कागद घेतला. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी, तर तीस किलोत 2,31,000. आकडा पाहून कागद फाडला आणि दोन महिने काहीच केले नाही. थकलेल्या कर्जासारखेच ते. फिटणारच नाही, तर हप्ता कशाला भरा?

त्यातून आम्हाला काढले एका वेचणीवाल्या बाईने. दहा एकर पांढरे झाले होते. विचारले, "धास्ती नाही वाटत?" ती म्हणाली, "मी वावर पाहतच नाही भाऊ, माझी पात पाहते." आम्ही पात ठरवली साडेपाच किलोची, म्हणजे वजनाच्या पाच टक्के. एवढे उतरले तरी साखर आणि रक्तदाब सुधारू लागतो, हे वैद्यकशास्त्रात सिद्ध आहे. तीस किलोचे नाव घरात काढायचे नाही, असे ठरले.

आता खरी अडचण. कार्यकर्त्याचे पोट भाकरीने वाढत नाही, चहाने वाढते. दिवसाला बारा घरे, बारा कप, कपाला दोन चमचे साखर. झाली 120 ग्रॅम, म्हणजे 480 कॅलरी! दोन भाकरींपेक्षा जास्त, आणि भूक तशीच. बिनसाखरेचा मागितला तर एक म्हातारी माय रुसली. "आमच्या घरची साखर कडू झाली का रे?" तिला साखरेचा आकडा सांगितला. तिच्या घरधन्याचा पाय साखरेनेच कापला होता. ती काही बोलली नाही, कप घेऊन आत गेली आणि दुसरा घेऊन आली.

अक्षयतृतीयेपर्यंत पहिली पात संपली. वजन आठवड्यातून एकदाच, त्याच दिवशी, त्याच काट्यावर करायचे आणि वहीत लिहायचे. रोज चढू नका. अंगातल्या पाण्यानेच किलो-दोन किलो इकडेतिकडे होते आणि माणूस उगाच खचतो.

मग 97 वर काटा अडला. अडीच महिने हलेना. शरीर हलके झाले की त्याचा खुराकही कमी होतो, कालचा हिशोब आज पुरत नाही. शिकलेल्या माणसाला हे आधी कळायला हवे होते, पण नाही कळले. ज्वारी पोटरीत असते तेव्हा बाहेरून कणीस दिसत नाही, म्हणून कोणी पीक मोडत नाही. त्या काळात पट्ट्याचे भोक मात्र एक आत सरकले होते. आम्ही रात्रीची एक भाकरी कमी केली, चालणे वाढवले. 2024 च्या मोर्च्यांत चार किलो पुन्हा चढले. लाज वाटली, वही महिनाभर उघडली नाही. शेवटी कारभारणीने ती ताटाशेजारी आणून ठेवली. तेव्हापासून सकाळी आम्ही दोघेही धुऱ्याने चालतो.

ब्रिटनमधल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष 2017 साली आले. मधुमेह जडून सहा वर्षांच्या आतले रुग्ण होते. ज्यांचे पंधरा किलो वा अधिक उतरले, त्यांच्यातल्या शंभरात 86 जणांची साखर वर्षअखेरीस औषधाविना आटोक्यात होती. म्हणून लवकर तपासा. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, असे असेल तरीही तपासा. आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नका. साखर एकदम उतरली तर वावरातच चक्कर येऊन पडाल.

आज आम्ही 91 वर आहोत. नऊ बाकी आहेत. गोळी डॉक्टरांनी अर्धी केली आहे.

मंडपामागे चहाच्या दोन किटल्या ठेवल्या आहेत. डावीकडची बिनसाखरेची. काटाही तिथेच आहे, पण वजन मोठ्याने वाचायचे नाही, असे मापाऱ्याला बजावले आहे.