आईचे इंजेक्शन आणि लेकराचे पुढचे आयुष्य

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



सातव्या-आठव्या महिन्यातच कळा लागल्या की डॉक्टर आईला स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात, आणि घरची वडील मंडळी धास्तावतात. ‘पोटातल्या जिवाला हे पुढे बाधणार तर नाही ना?’ असे आम्हांला वारंवार विचारण्यात येते. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मिळायला मात्र पन्नास वर्षे लागली.

अपुऱ्या दिवसांच्या मुलाचे फुप्फुस श्वास सोडताच मिटते. ते उघडे ठेवणारा स्निग्ध पदार्थ पुरेसा तयारच झालेला नसतो. १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक याच विकाराने ३९ तासांत गेला. तेथे पैशाची वा वैद्यांची वाण होती काय?

न्यूझीलंडात ऑकलंड येथे डॉ. लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करीत होते, तेही प्रसूती कशाने सुरू होते हे पाहण्यासाठी. स्टिरॉइड दिलेले एक कोकरू फार लवकर जन्मले, तरी ते श्वास घेत होते! १९६९च्या अखेरीस त्यांनी बालरोगतज्ज्ञ डॉ. हौवी यांच्यासह मातांवर चाचणी आरंभली. १९७२ साली आकडे आले. औषध न मिळालेल्या गटात शेकडा १५ अर्भके दगावली होती, मिळालेल्यांत सुमारे ३.

पुढे त्याच मुलांना तिशीत तपासले. बुद्धी व रक्तदाब यांत फरक नव्हता. साखरेच्या पचनात किंचित होता, पण मधुमेह अधिक नव्हता. पन्नाशीतही हृदयविकार वाढलेला आढळला नाही.

म्हणून औषध सरसकट टोचावे असे मात्र नाही. फिनलंडमध्ये २०२० साली असे दिसले की, इंजेक्शन मिळूनही पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या मुलांत मानसिक व वर्तनाच्या तक्रारींची नोंद अधिक होती. कारण औषधच, असे त्याने सिद्ध होत नाही. पण सावध राहावे.

आपल्या बेळगावचाही यात वाटा आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या सहा देशांच्या चाचणीत बेळगाव व नागपूरकडील खेडी होती. तेथे दिवसांचा नेमका हिशेब नसताना औषध दिले गेले, आणि एकंदर अर्भकमृत्यू उलट थोडे वाढले. २०२०च्या चाचणीत, बेळगावसह, सोनोग्राफीने दिवस ठरवून व सुसज्ज रुग्णालयांत तेच औषध दिले, तेव्हा मृत्यू घटले.

तेव्हा पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीचा कागद ट्रंकेत पुरून ठेवू नका. कळा लागल्या तर तो बरोबर घेऊनच निघा.