पावसाळ्यात मोटारसायकल स्लोवर बंद पडते तेव्हा



मी पिकांचा मास्तर, यंत्रांचा नव्हे. तरीही आज मोटारसायकलवर बोलणार आहे. मावळात दुधाचे कॅन असोत, खताची गोणी असो की पॉलिहाऊसमधल्या गुलाबांचे गठ्ठे, आपले बरेचसे दळणवळण तिच्यावरच चालते. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. अशा पावसात जुन्या महामार्गाने घाट उतरताना, मागे ट्रक असताना, रेस सोडली आणि वळणावर इंजिन बंद पडले तर काय प्रसंग येतो, हे आपणांस सांगायला नको.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. जुन्या गाडीचा स्लो उतरला की आपण स्क्रू अर्धा फेरा पिळत असू. इंजेक्शनच्या गाडीत हीच सवय नडते. हवेच्या झडपेजवळ थ्रॉटल सेन्सर असतो. वाफ्यावर दारे धरणारा विहिरीवरच्या माणसाला हाक देऊन सांगतो, तसा हा सेन्सर झडप किती उघडी आहे ते गाडीच्या संगणकाला कळवतो. संगणक त्या अंदाजाने पेट्रोल सोडतो. स्क्रू पिळून झडप थोडी उघडी ठेवली, तर रेस सोडल्याचे संगणकाला नीट कळत नाही.

माझ्याच गाडीचा स्क्रू एका गॅरेजमध्ये असा पिळला गेला. स्लो कधी चढे, कधी बसे. मी नव्या सेन्सरची किंमत विचारत फिरलो. मूळ दोष निघाला बॅटरीच्या सैल टर्मिनलचा!

म्हणून आधी बिनखर्चाचे पाहावे. बॅटरीची टर्मिनले घट्ट व स्वच्छ आहेत ना? गाडी मोकळ्या हवेत मेन स्टँडवर चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे. आवाज चढला तर दोष रेसच्या केबलचा, ती ताणलेली आहे. स्लो सतत चढाच राहिला तर इंजिनकडे जाणारा रबरी जोड चिरला आहे का ते पाहावे. मळणीच्या धुळीने एअर फिल्टर तुंबतो. कागदी फिल्टर धुऊ नये, बदलावा.

चिखलणी उरकल्यावर फवारणीच्या पंपाने गाडी धुण्याची आपली पद्धत मात्र सोडावी. जोराचे पाणी सेन्सरच्या कपलरमध्ये शिरते आणि पिना हिरव्या पडतात. किल्ली बंद करून कपलर काढावा, कोरडा करावा, खटका वाजेपर्यंत परत बसवावा. टाकीचे झाकणही तपासावे. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये पाणी जास्त झाले, की ते इथेनॉलसह तळाशी बसते आणि पंप ओढतो तळातूनच.

एवढे करूनही इंजिनचा पिवळा दिवा गाडी सुरू झाल्यावर विझत नसेल, तर मेकॅनिककडे जावे. थ्रॉटल बॉडीतला काजळीचा थर त्यासाठीच्या स्प्रेने निघतो, चाकूने खरवडू देऊ नये. सेन्सरची तपासणी मल्टिमीटरने आपल्यासमोर करून घ्यावी. पुरवठा साधारण ५ व्होल्टचा असतो. मूठ बंद असताना सिग्नल बहुधा अर्ध्या व्होल्टच्या आसपास येतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे धरावा. मूठ सावकाश पिळताना आकडा सलग चढला पाहिजे. मध्येच तो कोसळला किंवा उडी मारली, आणि वायर व कपलर ठीक असले, तरच सेन्सर बदलावा.