एसटीत ५० जण आहेत, पण सीपीआर येणारा कुणी आहे का?

आजच्या भागात गणित आहे, पण लगेच पुढे सरकवू नका. वही-पेन लागणार नाही. मोबाईलमधला कॅल्क्युलेटर पुरेल.

नगरहून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरहून, जामखेडला जाणारी एसटी डोळ्यांसमोर आणा. ४४ सीटा भरल्यात, ६ जण दांडीला धरून उभे आहेत. एकूण ५० प्रवासी. गाडी चिचोंडी पाटील मागे टाकून कड्याच्या दिशेने निघालीय आणि मधल्या सीटवरचे एक काका अचानक कोसळले. हाक मारली तर उत्तर नाही, श्वासही नीट चालू नाही. हृदय बंद पडलंय. १०८ ला फोन लागला, पण रुग्णवाहिका यायला वेळ लागणार. अशा वेळी सीपीआर, म्हणजे छाती दाबत राहणं, सुरू झालं नाही तर जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. चारेक मिनिटांनंतर मेंदूला इजा व्हायला लागते.

आता प्रश्न असा, की या ५० जणांत सीपीआर येणारा निदान एक तरी माणूस असेल, याची शक्यता किती?

आपण हिशोबासाठी एक आकडा धरू. समजा, १०० माणसांत दोघांना सीपीआर येतं. हा आकडा मी फक्त उदाहरणासाठी घेतलाय, कुठल्या सर्वेक्षणातला नाही. पारावर हा प्रश्न टाकला तर उत्तर लगेच येईल, "१०० मध्ये दोन, म्हणजे ५० मध्ये एक. असणारच की कुणीतरी!"

इथेच गडबड आहे. सरासरी एक येते हे खरं, पण सरासरी म्हणजे हमी नव्हे. एखाद्या गाडीत तिघे निघतील आणि तिच्या मागच्या दोन गाड्यांत एकही नसेल. सरासरी तीच राहते, पण त्या दोन गाड्यांतल्या काकांना तिचा उपयोग शून्य.

मग बरोबर हिशोब कसा करायचा? उलट्या बाजूने. "निदान एकाला येतं" हे थेट मोजायला गेलं तर एकाला येतं, दोघांना येतं, तिघांना येतं, अशी लांबलचक यादी होते. त्यापेक्षा "कुणालाच येत नाही" हे मोजणं सोपं. एका प्रवाशाला येत नसण्याची शक्यता १०० पैकी ९८, म्हणजे ०.९८. दोघांनाही येत नसण्याची ०.९८ गुणिले ०.९८. असं ५० वेळा गुणत गेलो की उत्तर येतं ०.३६. म्हणजे ३६ टक्के वेळा अख्ख्या गाडीत एकही जाणकार नाही! निदान एक असण्याची शक्यता उरली ६४ टक्के. आणि हेच काका गाडीत न पडता शेतात पडले, जिथे कांदा काढायला १० माणसं आलीत, तर? तिथे शक्यता उरते जेमतेम १८ टक्के.

आता याच सूत्राची चांगली बाजू बघा. १०० मध्ये दोघांऐवजी पाच जणांना सीपीआर शिकवलं, तर ५० जणांच्या गाडीत जाणकार असण्याची शक्यता ६४ वरून ९२ टक्क्यांवर जाते. शंभरात फक्त तीन माणसं वाढली आणि एवढा फरक पडला. शेतातल्या १० जणांसाठी मात्र तेवढं पुरत नाही. तिथे ९० टक्क्यांच्या आसपास पोचायचं तर दर पाचातल्या एकाला यायला हवं. घोळका जितका लहान, तितकी जाणकारांची गरज जास्त.

इथे एक अट आहे, ती विसरलात तर सगळा हिशोब फसतो. आपण धरून चाललो की गाडीतला प्रत्येक माणूस चिठ्ठी काढल्यासारखा आलाय आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. खऱ्या गाडीत तसं नसतं. सकाळी लोणीकडे जाणाऱ्या गाडीत नर्सिंगच्या दहा मुली एकदम चढतात. दुसऱ्या गाडीत एकाच गावचं वऱ्हाड असतं, आणि त्या गावात हे कधी कुणी शिकवलेलंच नसतं. कौशल्य सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, त्याचे पुंजके असतात. म्हणून जिल्ह्याची सरासरी कितीही चांगली असली तरी काही गाड्या पूर्ण रिकाम्या जातात.

आणि मुळात १०० पैकी किती जणांना येतं, हे कळणार कसं? आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारून नाही, कारण ग्रुप म्हणजेच एक पुंजका. फक्त हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धी बघून कुणी म्हणालं की नगर जिल्ह्यातली सगळी गावं अशीच आहेत, तर १४ तालुक्यांतली माणसं हसतील. यासाठी 'प्रथम' संस्थेच्या 'असर' सर्वेक्षणाची पद्धत बघण्यासारखी आहे. मुलांना वाचता येतं का, हे ते २००५ पासून तपासतायत. एका जिल्ह्यातली ३० गावं निवडायची आणि प्रत्येक गावात २० घरं. घरं सरपंचांनी सुचवायची नाहीत. गावाचे चार भाग करायचे आणि प्रत्येक भागात ठरलेल्या अंतराने, दर पाचवं घर घ्यायचं. घर कुणाच्या मर्जीने ठरत नाही, म्हणून तर आकड्यावर भरवसा ठेवता येतो.

आता ज्या जामखेडला आपली गाडी निघालीय, तिथेच येऊ. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या जोडप्याने तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेव्हा त्या भागात दुष्काळ, गरिबी आणि डॉक्टर कोसो दूर. गावात बाळंतपण सुखरूप करणारं, जुलाब झालेल्या लेकराला वाचवणारं कुणी भेटेल का, हा सगळा नशिबाचा खेळ होता. आरोळे दांपत्याने तो खेळच बदलला. गावाने आपल्यातलीच एक बाई निवडायची, तिला शिकवायचं आणि तिने गावातच राहून काम करायचं. यातल्या कित्येक जणींनी शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं. त्या बाळंतपणं करायला शिकल्या, मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं हे घराघरांत सांगायला लागल्या. १९७९ मध्ये दोघा डॉक्टरांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जामखेडचं काम बघायला जगभरातून लोक येऊ लागले.

आपल्या गणिताच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी शंभरातल्या जाणकारांचा आकडा फारसा वाढवला नाही. हजार-दीड हजार वस्तीत एक बाई म्हणजे टक्केवारीत काहीच नाही. तरी गरज पडल्यावर ती सापडण्याची शक्यता जवळजवळ शंभर टक्के झाली, कारण ती कोण आणि कुठे राहते हे सगळ्या गावाला माहीत होतं. आजची आशाताई बघा. साधारण हजार लोकसंख्येमागे एक. गावातले कुठलेही ५० लोक चिठ्ठ्या टाकून निवडले तर त्यांत आशाताई असण्याची शक्यता साधारण ५ टक्केच. पण त्या पन्नासांपैकी कुणालाही विचारा, तो तुम्हाला तिच्या दारात नेऊन उभं करेल.

म्हणून मला वाटतं, आपण दोन्ही करायला हवं. एक म्हणजे टक्का वाढवायचा. शाळा-कॉलेजात, गणेश मंडळात, तालमीत सीपीआर शिकवायचं. दुसरं, जागा पक्की करायची. प्रत्येक एसटीच्या कंडक्टरला हे यायलाच हवं असा नियम केला, तर ६४, ९२ असली आकडेमोड करायची गरजच उरत नाही. प्रत्येक गाडीत एक जण ठरलेला. प्रत्येक साखर कारखान्यात, प्रत्येक मंगल कार्यालयात असाच एक.

तोवर एवढं लक्षात ठेवा. माणूस बेशुद्ध आहे आणि श्वास नीट चालू नाही, तर कुणाला तरी १०८ लावायला सांगा. त्याला कडक जमिनीवर पाठीवर झोपवा. छातीच्या मधोमध, तळहाताच्या मागच्या भागाने, मोठ्या माणसाची छाती साधारण ५ सेंटीमीटर खाली जाईल असं दाबा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. जमेल तेव्हा प्रत्यक्ष प्रशिक्षणही घ्या, कारण नुसतं ऐकून हाताला सवय लागत नाही.

जाता जाता एक गृहपाठ. बचत गटात १२ बायका आहेत, त्यातल्या तिघींना बीपी मोजता येतं. चिठ्ठ्या टाकून दोघी निवडल्या, तर दोघींनाही बीपी मोजता येत असण्याची शक्यता किती? हिंट देतो. पहिलीचं नाव निघाल्यावर डब्यात १२ नाही, ११ चिठ्ठ्या उरतात, आणि जाणकार दोघीच. उत्तर २२ मध्ये एक असं आलं, तर तुमचं गणित बरोबर. आणि चिठ्ठ्या न टाकता सरळ "कुणाला येतं?" असं विचारलं असतं तर काय झालं असतं, तेही सांगा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!