वजनदार नावाडी

समाजांत वजनदार माणसाला मान असतो. परंतु तें वजन शब्दशः मोजण्याची पाळी आली, कीं मानाची जागा हास्य घेतें. आगगाडीच्या बांकावर, नाटकगृहाच्या खुर्चींत आणि शिंप्याच्या दुकानांत स्थूल गृहस्थाची होणारी कुचंबणा सर्वांच्या परिचयाची आहे. तोच गृहस्थ समुद्रांत कयाक वल्हवावयास निघाला, तर काय होतें?

कयाक ही मूळची ग्रीनलंडकडील इन्युइट शिकाऱ्यांची, लांकडी सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून केलेली निमुळती होडी. ती वरूनहि झांकलेली असते. मधोमध एक भोंक. त्यांत पाय लांबवून बसावयाचें आणि दोन्ही टोकांस पातीं असलेलें वल्हें चालवावयाचें. स्थूल नावाड्याची पहिली झुंज समुद्राशीं नसून या भोंकाशींच होते. किनाऱ्यावर मंडळी पाहत असतांना त्यांत शिरणें म्हणजे उशीच्या अभ्र्यांत गादी कोंबण्यापैकींच प्रकार! बाहेर पडणें त्याहून बिकट. आणि होडी उलटली, तर तेंच काम पाण्याखालीं, श्वास रोखून करावें लागतें. तेथें विनोद संपतो.

परंतु दोष देहाचा कीं होडीचा? इन्युइट शिकारी होडी आपल्या देहाच्या मापानें बांधीत असे. लांबी पसरलेल्या हातांच्या सुमारें तिप्पट, रुंदी कमरेएवढी अधिक दोन मुठी, असें एक परंपरागत माप सांगतात. अंगरखा बेतावा तशी होडी बेतली जाई. आजची कारखान्यांतील होडी कोणा सरासरी देहासाठीं घडवलेली असते, आणि तींत मावलें नाहीं, कीं बोल लागतो तो देहाला. कांहीं कारखाने आतां एकाच घडणीची होडी लहानमोठ्या मापांत काढतात. हें शहाणपण जुनेंच आहे.

दुसरें भय बुडण्याचें. येथें आर्किमिडीज स्थूलांच्या मदतीस धांवतो. तरंगणारी वस्तु आपल्या वजनाइतकें पाणी बाजूस सारते, आणि समुद्राचें एक घनमीटर पाणी सुमारें १,०२५ किलो भरतें. पाण्याच्या रेषेवर होडीचें क्षेत्रफळ दीड चौरस मीटर धरलें, तर ती एक सेंटिमीटर खालीं जाण्यास सुमारें १५ किलो लागतात. म्हणजे ७० किलोंच्या गृहस्थापेक्षां १०० किलोंच्या गृहस्थाची होडी अवघे दोन सेंटिमीटर, सुमारें एका बोटाच्या रुंदीइतकी, अधिक बुडते. अधिक पृष्ठभाग पाण्याशीं घासतो, म्हणून वल्हविण्याचे श्रम थोडे वाढतात, इतकेंच. उलट, मोठ्या होडींत सडपातळ माणूस एकटाच बसला, तर ती पाण्यावर उंच राहते आणि वारा तिला पानासारखी फिरवितो. मग तो पाण्याच्या पिशव्या भरून तळाशीं ठेवतो. जो भार त्याला किनाऱ्यावर शोधावा लागतो, तो स्थूल गृहस्थ घरूनच घेऊन निघतो! मात्र हा भार तळाशीं नसून पोटाशीं आणि खांद्यांशीं असतो. त्यामुळें अरुंद होडी डळमळते, आणि थोडी रुंद निवडणें बरें.

तिसरें भय थंडीचें. मार्च १९८४ मध्यें आइसलंडच्या दक्षिणेस हेमाएय बेटाजवळ मच्छीमारांची एक नौका उलटली. पांच खलाशांपैकीं चौघे दगावले. पांचवा, गुडलौगुर फ्रिडथोरसन, पांच-सहा अंशांच्या पाण्यांत पांच किलोमीटरांहून अधिक पोहून, कित्येक तासांनीं किनाऱ्यास लागला. त्याचें वजन सुमारें १२५ किलो होतें. पुढें लंडनमध्यें त्याची तपासणी झाली, तेव्हां कातडीखालील चरबीच्या जाड थरानें सीलप्रमाणें त्याचें रक्षण केलें असें मानलें गेलें. तरीहि या कथेवर विसंबून कोणीं तरंगतें जाकीट घरीं ठेवूं नये. असा योग क्वचितच येतो.

खरी कसोटी लागते ती उलटल्यानंतर होडीवर पुन्हां चढतांना. ओल्या अंगाचा भार नुसत्या हातांनीं उचलणें भारी माणसास जड जातें. त्यावर उपाय साधा आहे: होडीला दोरीचा फास अडकवून त्याची रिकिबीसारखी पायरी करावयाची. परंतु ही युक्ति उथळ पाण्यांत, सोबत्यांच्या देखत अनेकदां घटवावी लागते, आणि नेमकी येथेंच लाज आडवी येते. हंसतील म्हणून सराव टाळणारा आणि होडी विकत घेतांना दहा किलो कमी सांगणारा, असे दोघेहि स्वतःलाच फसवितात. होडीच्या भारमर्यादेंत तर माणसाबरोबर त्याचें पाणी, फराळ आणि तंबूहि मोजावा लागतो.

किनाऱ्यावरील मंडळी हंसली, तरी त्यांत कोणाचा जीव जात नाहीं. समुद्र मात्र कोणाच्याहि आकाराला हंसत नाहीं. त्याला खरें वजन कळतें, आणि तें अगोदरच खरें सांगून निघालेल्या नावाड्याला तो निमूटपणें उचलून धरतो.